सहा नंबरच्या टेबलाची हजेरी

मंगळवारी दुपारी मनस्वी मॅडमनी रूपेशला दोन कामं एकाच दमात सांगितली, आणि त्या दोन कामांनी त्याचा सगळा श्रावण नासवला.

पहिलं काम दिसायला मानाचं होतं. गुरुवारी कारखान्यात परदेशी खरेदीदाराचा तपासनीस यायचा होता. औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यातून कुठल्याशा थंड देशात जात, आणि ती बनवणारी माणसं नीट वागवली जातात की नाही याची त्या देशाला वर्षातून एकदा काळजी वाटे. म्हणून तपासनिसासमोर कंत्राटी कामगारांना तासभर नीतिमूल्यांचं प्रशिक्षण द्यायचं होतं, तेही मराठीतून. ठाण्याहून रोज येणाऱ्या या कार्मिक अधिकारी बाईंनी त्यासाठी चार स्लाइड करून ठेवल्या होत्या.

"तू तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. केलंयस ना? मग तुझ्याशिवाय कोण बोलणार?" त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

दुसरं काम एका नावाचं होतं. हजेरीच्या यादीत पेन्सिलीनं गोल केलेलं: जानकीबाई, टेबल सहा.

"हिचा ब्रेक राहून गेलाय. आजची धरून दोनशे सदतीस झाल्यात. शुक्रवारच्या आत बघून घे."

रूपेश टाइम ऑफिसात बसत असे. जाळीच्या खिडकीमागचं टेबल, दोन जाड रजिस्टरं, आणि खालचा एक खण, ज्याची किल्ली त्याच्याच खिशात असे. सलग दोनशे चाळीस हजेऱ्या भरल्या की कामगार कायम होण्याचा हक्क सांगू शकतो. तो त्यानं सांगू नये म्हणून दोनशेच्या आसपास प्रत्येकाला आठ-दहा दिवस घरी बसवलं जाई. त्याला ब्रेक म्हणत. कामावर घेतानाच प्रत्येकाकडून एक कागद घेतलेला असे: ‘मी स्वखुशीने काम सोडत आहे.’ खाली सही किंवा अंगठा, आणि तारखेची जागा कोरी. वेळ आली की रूपेशनं त्या कोऱ्या जागेत तारीख घालायची, नवा नंबर द्यायचा, आणि काल दोनशेवर असलेलं माणूस आज पुन्हा एकपासून सुरू व्हायचं. खणात असे त्रेचाळीस कागद होते. दोन वर्षांत त्यानं कितीकांवर तारखा घातल्या असतील, हे आठवायला गेलं की त्याला स्वतःचं वळणदार अक्षर नकोसं वाटे.

जानकीबाईचा ब्रेक जूनमध्ये ठरला होता. पण जूनमध्येच मोठी ऑर्डर आली आणि खुद्द मॅनेजरनं सांगितलं, तिला हलवू नका. कारण तिचे डोळे. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली हजारो झाकणं टेबलावरून सरकत, आणि केसाएवढा चिरा, सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका तिच्या बोटांना डोळ्यांच्याही आधी कळे. ती झाकण उचलून लाल टबात टाकी, पण मान वर करत नसे. ऑर्डर गेली, आणि तिला हलवायचं सगळे विसरले. फक्त दिवस विसरले नाहीत. ते एकेक करून जमत राहिले.

चारच्या सुमाराला वाल्मिकशेठ आला. किन्हवलीचा हा कंत्राटदार. त्याच्या सात गाड्या पहाटे शहापूर तालुक्यातली गावं आणि पाडे फिरून माणसं उचलत आणि सरळगाववरून मुरबाडला आणून सोडत. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी बाळंतपण निघालं तर तीच गाडी दवाखान्यात जाई, आणि त्याचं भाडं तो कधी मागत नसे.

"मॅडमचा फोन आलेला," तो खुर्ची ओढत म्हणाला. "घाबरलास काय? राजीनाम्यावर मागची तारीख टाकायची गरजच नाय. उगाच खोटं कशाला करायचं?"

"मग?"

"खरं लिही. जुलैत बारा दिवस सहा नंबरला कोण बसलेली? मला सुदामनं तेव्हाच सांगितलेलं. गाडी तोच चालवतो ना. जानकी शेतात लावणी करीत होती, आणि हिकडे तिच्या कार्डावर तिची जाऊ बसलेली. सरिता. तुला माहीत नव्हतं, असं माझ्या तोंडावर सांग."

रूपेशनं रजिस्टर आपल्याकडे ओढलं. त्याला माहीत होतं.

जुलैच्या पहिल्याच आठवड्यात जाळीपलीकडून एक अनोळखी हात कार्ड घेऊन पुढे आला होता. अंगठ्याचं यंत्र केव्हाच भिंतीवर शोभेला उरलं होतं. चुलीनं, चिखलानं, भांड्यांच्या राखेनं झिजलेले अंगठे त्याला ओळखता येत नसत, म्हणून कार्ड आणि रजिस्टर हाच कारभार होता. त्यानं मान वर केली तेव्हा सव्वीस-सत्तावीसची एक बाई उभी होती. "जानकीबाईच्या घरची," ती म्हणाली, जणू एवढं सांगितलं की सगळं सांगून झालं. आणि गावच्या रीतीनं ते झालंही होतं. लावणीत सावड असते: आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या माझ्या, दर घरचं एक माणूस यायला हवं, ते कोण याची विचारपूस कुणी करत नाही. सासू आली काय, सून आली काय, घर आलं म्हणजे झालं. कारखान्यातली जागाही जानकीबाईनं तशीच घराची धरली होती. लावणीला तिचा हात चालतो म्हणून ती चिखलात राहिली, आणि टेबल रिकामं राहू नये म्हणून जावेला धाडली. यात फसवणूक आहे हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. रूपेशच्या मनाला शिवलं होतं. तरी त्यानं बारा दिवस ‘हजर’ लिहिलं.

"बारा वजा कर," वाल्मिकशेठ म्हणाला. "मध्ये खंड पडला की दोनशे चाळीसचा प्रश्नच मिटला. तू खोटं नाय बोललास, मी नाय बोललो, मॅडम नाय बोलल्या. अरे, साठ घरं चालतात माझ्या गाड्यांवर. एक बाई कायम झाली की कंपनी उद्या दुसरा कंत्राटदार बघंल. मग त्या साठांनी काय तुझं तत्त्वज्ञान शिजवायचं?"

त्याच्या बोलण्यात रूपेशला पहिली स्लाइड ऐकू आली. पुष्कळांचं पुष्कळ भलं. दुसऱ्या स्लाइडवर होतं: परिणाम काहीही होवो, खोटं बोलू नये. दोन्ही स्लाइड आयुष्यात पहिल्यांदाच एकमेकींच्या गळ्यात गळा घालून उभ्या होत्या, आणि दोघींचं बोट जानकीबाईकडे होतं.

संध्याकाळी शेणव्याला घरी परतताना गाडीच्या काचेवर ओली शेतं मागे पळत होती. रूपेशला वाटलं, आपल्या आत कुणीतरी एकसारखं कार्ड घासतंय आणि यंत्र ते घेत नाही.

घरी वडील ओट्यावर बसले होते. नथू भातसानगरला धरणावर चौकीदार होते; निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दिवसातून दोनदा आभाळाकडे बघून पाणी किती चढलं असेल ते सांगायची सवय सुटली नव्हती. ‘कायम झालो’ हे दोन शब्द ते एखाद्या मुलाच्या जन्मासारखे उच्चारत. त्या दोन शब्दांवर हे घर उभं होतं, आणि रूपेशचं एम. ए. सुद्धा.

रूपेशनं नाव न घेता सगळं सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं, पायाजवळची मुंगी बोटानं बाजूला केली, आणि म्हणाले, "आमच्या टायमाला पण एक हजेरी कारकून होता. माणूस लाख. सोताच्या डब्यातली भाजी द्यायचा. मी रोजंदारीवर. तुझी आजी आजारी पडली, तिला चार दिवस शहापूरच्या दवाखान्यात घेऊन बसलो. मी म्हटलं, साहेब, चार दिवस भरून टाका, माझी वर्षं सलग होतात. तो बोलला, नथू, मला खोटं लिहिता येत नाय. नाय लिहिलं त्यानं. मला कायम व्हायला दोन वर्षं जास्त लागली."

"मग?"

"मग काय. त्याच दोन वर्षांत तुझी ताय शाळेतून सुटली."

ताय म्हणजे संघरत्ना, थोरली बहीण. आठवीत शाळा सोडलेली. रूपेशची पुस्तकं तिनंच पहिल्यांदा पाठकोऱ्या कागदांनी मढवली होती.

"त्याचं काय चुकलं ते मला आजपोत सांगता नाय आलं," वडील म्हणाले. "आन् त्याला माफ पण नाय करता आलं."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये प्रशिक्षणाची तालीम झाली. बाया बाकांवर बसल्या, डबे अजून हातात. पडद्यावर पहिली स्लाइड आली. रूपेशनं घसा खाकरला.

"समजा, एखाद्या निर्णयानं पुष्कळांचं भलं होतं आणि एकाचं नुकसान होतं. तर तो निर्णय योग्य म्हणायचा का?"

"तो एक कोन, ते पयलं सांग," सकुबाई म्हणाली. ती दोन नंबरच्या टेबलाची, सगळ्यांत वयस्क. "आमच्यातला असंल तर नाय योग्य."

"आन् मॅडममधला असंल तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"मंग इचार करू."

हसणं ओसरेपर्यंत तो थांबला. "दुसरं मत असं, की खोटं बोलू नये, आणि माणसाचा नुसता साधनासारखा वापर करू नये. साधन म्हणजे अवजार. कोयता, विळा."

"इळ्याला धार तरी लावतात रे मास्तर," सकुबाई म्हणाली. "आमाला चाय पण अर्धा कप."

मनस्वी मॅडमही हसल्या. मग उद्या हे वाक्य नको, असं त्यांनी वहीत लिहून घेतलं.

"तिसरं मत," रूपेशचा आवाज आता त्याचा त्यालाच परका वाटू लागला, "नियम बाजूला ठेवा. इतकंच विचारा, की खरोखर चांगला माणूस इथे असता तर त्यानं काय केलं असतं?"

जानकीबाईनं डब्यातून मान वर केली. "चांगला माणूस टाइम ऑफिसात बसला असता का रे?"

ती चेष्टाच होती. सगळ्या हसल्या, तीही हसली. रूपेशला मात्र खिशातली किल्ली मांडीला टोचली.

चौथी स्लाइड न्यायाची होती. आपण कुणाच्या पोटी जन्माला येणार हे आधी ठाऊक नसतं, तर आपण कंपनीचे नियम कसे केले असते? यावर बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एक जण दबकत म्हणाली, "म्हंजे मी मॅडम, आन् मॅडम टेबलावर?"

"तसं समज."

"मंग पाठ टेकायला खुर्ची दिली असती," सकुबाईच बोलली. बाया दिवसभर बिनपाठीच्या स्टुलांवर बसत. "तिला गो. मला कशाला, मी मॅडम ना."

दुपारभर रूपेशनं रजिस्टर उघडलं आणि मिटलं. बारा वजा करावे, तर सत्य राहतं आणि जानकीबाई बुडते. न करावे, तर जानकीबाई तरते आणि तिच्या पायाखाली खोटं राहतं. पुढेमागे वाल्मिकशेठ ते ओढून काढणारच. चार मतं चार दिशांनी येऊन त्याच्या टेबलाशी भांडत होती, आणि प्रत्येक मत त्यालाच विचारत होतं, तू ठरव. मग दुसरी स्लाइड त्याला वेगळ्या अंगानं आठवली. दिवस जिचे, तिला न विचारता ते ठेवणारा किंवा कापणारा मी कोण?

सुटीनंतर तो शेणव्याला उतरला नाही. गाडी पुढे जानकीबाईच्या पाड्यापर्यंत गेली तेव्हा तिच्यामागोमाग तोही उतरला. अजून उजेड होता. लावून झालेलं भात गुडघ्याएवढं उभं होतं.

"काय रे, वाट चुकलास?" तिनं विचारलं.

"मावशी, तुझ्याशी बोलायचंय." कारखान्याच्या फाटकाबाहेर तो तिला मावशी म्हणे.

तिनं अंगणात खाट टाकली. चहा आला, घरातल्या इतरांना आला तशाच कपात. रूपेशच्या आजीला या अंगणात असा कप कधी मिळाला नव्हता. तिला लावणीला बोलावत ते मजुरीवर, सावडीत नाही. कारण तिच्या घरच्या वावराला परत हात लावायला इथलं कुणी गेलं नसतं. ही जुनी गोष्ट होती, आणि आता तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. पण सावड या शब्दाचा गोडवा रूपेशला पुरता कधीच लागला नव्हता, त्याचं कारण तेवढंच.

त्यानं सगळं सांगितलं. दोनशे चाळीस म्हणजे काय, शुक्रवार म्हणजे काय, बारा दिवस म्हणजे काय. जानकीबाई ऐकत होती आणि एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं चोळत होती, झाकण चाचपावं तशी.

"म्हंजे परवा भरले की मला काढता नाय यायचा?"

"हक्क सांगता येईल. भांडावं लागेल. पण हातात काहीतरी असेल."

"मंग लिवलाय तसा ऱ्हाऊ दे की. टेबल तर एक दिवस रिकामा नाय ऱ्हायला. काम झाला ना त्यांचा? घरचा एक माणूस जायाचा, गेला."

दारात सरिता उभी होती. चहाचे कप न्यायला आली होती, ती तिथंच थांबली.

"तो माणूस मी होते," ती म्हणाली.

"तुला कोन बोलवला मधी?" जानकीबाई म्हणाली.

"वहिनी, तुम्ही बोला," रूपेश म्हणाला.

"बारा दिवस मी जानकी होते," सरिता म्हणाली. ती दहावी झालेली, जरा जपून बोलणारी. "कुणी जानकीबाई म्हणून हाक मारली की मी ओ द्यायचे. आठव्या दिवशी मी चिरा गेलेला सगळा लॉट पकडला, माहितीय? आक्काच्या पण नजरेतून सुटला असता. नवा सुपरवायझर कार्ड बघून बोलला, शाबास जानकीबाई. मी आपली हसले. नंतर दुसऱ्या कंपनीत विचारायला गेले, तर बोलतात, आधी कुठं काम केलंय का? काय सांगू? केलंय, पण ती मी नव्हते?" तिनं कप उचलले नाहीत. "माझे बारा दिवस माझ्या नावावर लिहा."

"आन् माझा काय?" जानकीबाई ताडकन उठली. "नऊ महिने डोळे फोडलेत मी त्या उजेडात! तुझ्या बारा दिसांसाठी माझे दोनशे चाळीस घालवतेस व्हय गो?"

"मी घालवत नाय, आक्का. ते माझे हायेत, एवढाच बोलते."

चार स्लाइडींपैकी एकीवरही सरिता नव्हती. रूपेश दोन दिवस जानकीबाईसाठी झुरला, कंपनीवर चिडला, वडिलांच्या कारकुनाशी मनात भांडला. पण ज्या हातानं जाळीतून कार्ड पुढे केलं होतं, तो हातही कुणाचा तरी आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

जानकीबाई खाली बसली. मग तिचा आवाज आला, राग निथळून गेलेला. "तिचा खराय. घरात पन ते बारा दिस मी माझेच बोलले, तिचा नाव नाय घेतला." आणि रूपेशकडे वळून: "लिव. पन एक सांग. माझा खरा लिवशील, आन् त्यांचा खरा कोन लिवनार? कोऱ्या कागदावर माझा अंगठा घेतलाय तुमी. सगळ्यांचा घेतलाय. तो पन लिव मंग."

गुरुवारी तपासनीस आला. पुण्याचा, शांत, चष्मा पुसत बोलणारा माणूस. त्यानं आगीच्या नळकांड्या पाहिल्या, संडास पाहिले, बायांच्या स्टुलांची उंची मोजली. कॅन्टीनमध्ये रूपेश चार स्लाइडींवर बोलला. काय बोलला ते त्याला नंतर आठवलं नाही. सकुबाईनं ठरल्याप्रमाणे चहाबद्दल काही म्हटलं नाही. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

मग तपासनिसानं हजेरीचं रजिस्टर मागितलं.

रूपेशनं ते समोर ठेवलं. जुलैच्या बारा ओळींवर जानकीबाईचं नाव एका रेघेनं खोडून त्यानं ‘सरिता’ लिहिलं होतं, आणि प्रत्येक ओळीपुढे आपली सही: मला माहीत असूनही मी हजर लिहिलं. मग त्यानं खिशातली किल्ली काढली, खण उघडला, आणि त्रेचाळीस कागदांची चळत रजिस्टरावर ठेवली.

"हे काय?" तपासनिसानं विचारलं.

"राजीनामे. कामावर येण्याच्या दिवशी घेतलेले. तारीख मी घालतो." त्यानं वरचा कागद तपासनिसाकडे वळवला. "रजिस्टर एकटं वाचलं तर एका बाईनं फसवलं असं दिसेल. दोन्ही एकत्र वाचा."

तपासनिसानं चष्मा पुसला आणि एकेक कागद उलटू लागला. निळे अंगठे, एकाखाली एक. झिजलेले, रेषा पुसलेले, यंत्राला न ओळखू येणारे.

मनस्वी मॅडम त्याला बाहेर घेऊन आल्या. त्या ओरडतील असं त्याला वाटलं होतं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "माझा पण करार अकरा महिन्यांचा आहे, रूपेश. तुला माहीत नसेल. माझ्याशी एकदा बोलायचंस तरी." आणि मग, अधिकाऱ्याच्या आवाजात: "किल्ली दे."

संध्याकाळच्या गाडीत बातमी त्याच्याआधी पोचली होती. कुणी चेष्टा केली नाही. सरळगाव गेलं, किन्हवली आलं, तेव्हा सकुबाई पुढच्या सीटवरून मागे वळली.

"माझा पण कागद दिलास त्या सायबाला?"

"सगळ्यांचे दिले, सकुमावशी. खोटे कागद होते ते."

"खोटा होता ते मला ठाव हाय. अंगठा माझाच ना. उद्या आमाला बोलवला नाय, तर?" तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "जानकीला विचारलास. तिच्या जावंला विचारलास. आमाला विचारलास का रे मास्तर?"

बेचाळीस अंगठे त्यानं एका अंगठ्यासाठी टेबलावर मांडले होते. चांगल्या हेतूनं मांडले होते. पण वाल्मिकशेठही साठ घरांची नावं चांगल्याच हेतूनं घेत असे. गाडी खड्ड्यातून गेली, सगळे एकाच बाजूला झुकले आणि पुन्हा सरळ झाले.

शुक्रवारी पहाटे तो शेणव्याच्या नाक्यावर नेहमीच्या वेळेला उभा राहिला. झोप झालीच नव्हती. जानकीबाई आणि सरिता पाड्यावरून चालत आल्या होत्या; गाडी पाड्यावर येईल की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून मोठ्या रस्त्यावर. दोघींच्या हातात डबे. तिघं रस्त्याच्या वळणाकडे बघत राहिले.

दिवे दिसले. गाडी आली, आणि थांबली.

सुदामनं खिडकीतून मान काढली. हातातल्या चिठ्ठीवर मोबाइलचा उजेड पाडून तो नावं वाचू लागला. "जानकीबाई, बसा. सरिता कोण? तुमाला पण बोलवलंय. तो पुण्याचा साहेब थांबलाय, सगळ्या बायांशी एकेकीशी बोलणार हाय. मॅडमला बाहेर बसवून." मग त्यानं चिठ्ठी घडी केली. "रूपेशभाऊ, तुमचं नाव नाय हो यात. शेठनी सांगितलंय, मी काय करू?"

"जा तू," रूपेश म्हणाला.

सरिता आधी चढली. जानकीबाई पायरीवर थांबली, वळली.

"माझे किती होतात रे आता? बारा काढून?"

"आजचा धरून दोनशे अठ्ठावीस."

"आन् मधी खंड पडला म्हणाला शेठ."

"पडला. ते भांडून ठरेल. नाही तर पुन्हा मोजावे लागतील."

"मोजीन," ती म्हणाली आणि आत गेली.

आतून सरिताचा आवाज आला, कुणाला तरी सांगत असलेला, किंवा स्वतःलाच: "तेरा."

गाडी हलली. दुसऱ्या खिडकीत सकुबाई बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. नजर काढून घेतली नाही, हातही हलवला नाही. कालचा प्रश्न तिनं तसाच जवळ ठेवला होता. त्रेचाळीसपैकी एकाही बाईला पुढचा महिना कसा जाईल हे ठाऊक नव्हतं, आणि आपण त्यांचं भलं केलं की त्यांना ओढून आणलं, हे रूपेशलाही. गाडीचा लाल दिवा किन्हवलीच्या वळणावर दिसेनासा झाला. त्याचा हात सवयीनं खिशातली किल्ली शोधत गेला, तिथं काही नव्हतं, आणि त्यानं घराकडे जाण्याऐवजी पाय उचलून गाडी जिकडून आली होती त्या रस्त्यानं चालायला सुरुवात केली. पहिल्या पाड्यावर सकुबाईचं घर होतं. ती संध्याकाळी परतेल तेव्हा, उशिरा का होईना, तिला काय हवंय ते विचारायला कुणीतरी दारात असायला हवं होतं.